पर्यावरण अर्थशास्त्रात मास्टर्स करायचंय? आधी सिलॅबस उघडा, मग कॉलेजचं नाव बघा

पर्यावरण विज्ञान, पर्यावरण व्यवस्थापन, सस्टेनेबिलिटी आणि पर्यावरण अर्थशास्त्र ही चार वेगवेगळी शिक्षणं आहेत. माहितीपत्रकात मात्र चारही ठिकाणी तीच हिरवी पानं आणि त्याच पवनचक्क्या असतात. नदीत कोणतं रसायन किती आहे, हे पर्यावरण विज्ञान सांगतं. ते सोडणाऱ्या कारखान्याने कोणती परवानगी घ्यायची आणि कोणता अहवाल द्यायचा, हे व्यवस्थापनवाले शिकवतात. त्या रसायनामुळे खालच्या गावांचं किती रुपयांचं नुकसान झालं, कारखान्यावर कर लावावा की मर्यादा घालावी, आणि त्या कराचा भार शेवटी कुणाच्या खिशावर पडेल, हे अर्थशास्त्र विचारतं. तुम्हाला या शेवटच्या प्रकारचे प्रश्न पडत असतील तरच हा लेख तुमच्या कामाचा आहे.

या क्षेत्रात प्रवेश घेणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे नावात ‘पर्यावरण’ आहे म्हणून कोर्स निवडणं. आत अर्थशास्त्र किती आहे, ते मोजायचं राहून जातं. दोन वर्षांनी हातात पदवी असते, पण रिग्रेशन (आकडेवारीतून दोन गोष्टींमधला संबंध मोजण्याची पद्धत) चालवता येत नाही आणि सरकारी परीक्षेचा फॉर्म भरताना पदवीचं नाव पात्रतेत बसत नाही. ही दोन्ही संकटं अर्ज करण्याआधी दोन दिवस खर्चले तर टळतात.

आधी स्वतःची परीक्षा: एक खाडी, २८० होड्या

या विषयात गणित किती लागतं, असं सगळेच विचारतात. एक उदाहरण सोडवून बघा. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण पद्धत खरी आहे. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली मत्स्यव्यवसायाबद्दल मांडलेला विचार अजून प्रत्येक चांगल्या वर्गात शिकवला जातो.

एका खाडीत जास्तीत जास्त १,००० टन मासळी राहू शकते. साठ्याची वार्षिक वाढ ०.४ × साठा × (१ − साठा ÷ १,०००) इतकी. प्रत्येक होडी हंगामात साठ्याचा हजारावा भाग पकडते. भाव किलोला १०० रुपये, म्हणजे टनाला १ लाख. एका होडीचा हंगामाचा खर्च ३०,००० रुपये.

खाडी सगळ्यांना खुली असेल, तर होडीला खर्चापेक्षा जास्त मिळतंय तोवर नवी होडी येत राहील. होडीचं उत्पन्न साठ्याच्या प्रत्येक टनामागे १०० रुपये, म्हणून साठा ३०० टनांवर येऊन थांबेल. त्या साठ्याची वाढ ८४ टन, होड्या २८०. एकूण उत्पन्न ८४ लाख आणि एकूण खर्चही ८४ लाख. एवढ्या सगळ्यांनी राबून खाडीची कमाई शून्य.

मासळी सर्वाधिक कधी मिळेल? साठा ५०० टन असताना. तेव्हा १०० टन मासळी, २०० होड्या, नफा ४० लाख. पण नफा सर्वाधिक कधी, हे शोधायला अवकलन करावं लागतं. उत्तर येतं साठा ६५० टन, होड्या १४०, मासळी ९१ टन, नफा ४९ लाख. होड्या निम्म्या, तरी मासळी ८४ टनांपेक्षा जास्त! प्रत्येक होडीवर ३५,००० रुपये शुल्क लावलं तर होड्या आपोआप १४० वर येतात आणि ते ४९ लाख सरकारी तिजोरीत जातात.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. बंद पडलेल्या १४० होड्यांवर पोट असलेल्या घरांचं काय? शुल्काचा पैसा त्यांच्याकडे वळवायचा कसा? की गावानेच एकत्र बसून नियम ठरवावेत? सामूहिक संसाधनांवरच्या याच कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता स्वतःला विचारा. ६५० हा आकडा कसा आला, हे कागदावर काढून बघावंसं वाटलं का? तसं असेल तर गणितप्रधान कोर्स तुम्हाला झेपेल आणि आवडेलही. गणित वाचताना डोळे मिटले, पण त्या घरांच्या प्रश्नाने झोप उडाली, तर धोरणप्रधान कोर्स बघा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त कोणता घेताय ते आधी माहीत असावं.

पदवी कोणतं दार उघडते

संस्थांची यादी करण्याआधी मास्टर्सनंतर काय करायचं, हे एका ओळीत लिहा. पीएचडी, सरकारी सेवा, संशोधन संस्था की कंपनी?

सरकारी सेवेचा विचार असेल तर पदवीच्या नावाला फार महत्त्व आहे. भारतीय आर्थिक सेवा परीक्षेसाठी यूपीएससी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजणारी शाखा) यांतली पदव्युत्तर पदवी मागते. पदवीवर ‘एमएससी इकॉनॉमिक्स’ छापलं असेल आणि पर्यावरण ही स्पेशलायझेशन असेल, तर अडचण नाही. ‘सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंट’ छापलं असेल, तर आत कितीही अर्थशास्त्र शिकला असाल तरी फॉर्म अडकू शकतो. ‘पर्यावरण अर्थशास्त्र’ असं वेगळं नाव असेल, तर प्रवेशाआधीच संस्थेला विचारा: गुणपत्रिकेवर आणि पदवीवर नेमके कोणते शब्द येतात आणि मागच्या विद्यार्थ्यांना या परीक्षेला बसता आलं का? उत्तर लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागाच्या भरतीलाही हीच काळजी घ्या.

प्राध्यापकी करायची असेल तर नेट किंवा सेट अर्थशास्त्रातून द्यावी लागेल. त्या अभ्यासक्रमात पर्यावरण अर्थशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र मिळून एक घटक आहे, पण बाकीचे घटक सूक्ष्म, स्थूल, सांख्यिकी असेच आहेत. पाया कच्चा असेल तर एका घटकावर परीक्षा निघत नाही.

खासगी क्षेत्रात गेल्या काही वर्षांत मागणी वाढली, ती कायद्यांमुळे. बाजारमूल्यानुसार वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर ऑक्टोबर २०२३ पासून अहवालांपुरता होता, जानेवारी २०२६ पासून त्याचा खरा अंमल सुरू झाला. पोलाद आणि ॲल्युमिनियम निर्यात करणाऱ्या कंपन्यांना आता हा हिशेब मांडणारी माणसं हवी आहेत.

सिलॅबस कसा वाचायचा

संस्थेच्या संकेतस्थळावरचं पहिलं पान वाचू नका. ‘अभ्यासक्रम रचना’ किंवा ‘कोर्स कॅटलॉग’ शोधा, प्रिंट काढा आणि पाच रंगांचे पेन घ्या. सूक्ष्म अर्थशास्त्र आणि गणित एका रंगात. इकॉनोमेट्रिक्स आणि डेटा दुसऱ्यात. पर्यावरण व संसाधन अर्थशास्त्राचे थेट पेपर तिसऱ्यात. हवामान, जल, वन अशी विज्ञानाची बाजू चौथ्यात. प्रबंध आणि इंटर्नशिप पाचव्यात. मग प्रत्येक रंगाची क्रेडिट्स बेरजेत मांडा.

युरोपात पूर्ण वर्ष ६० क्रेडिट्सचं असतं आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलं जातं. दोन वर्षांच्या १२० क्रेडिट्सपैकी प्रबंध साधारण ३० क्रेडिट्सचा असतो. आमच्या मते उरलेल्या ९० पैकी पहिल्या तीन रंगांत मिळून ५० तरी असावीत. त्याहून कमी असतील तर तो अर्थशास्त्राचा कोर्स नाही.

इकॉनोमेट्रिक्सचा एकच पेपर असेल तर सावध व्हा. पहिल्या पेपरात साधं रिग्रेशन होतं. धोरणाचा परिणाम मोजायच्या पद्धती, म्हणजे डिफरन्स-इन-डिफरन्सेस, इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल, पॅनेल डेटा, या दुसऱ्या पेपरात येतात, आणि संशोधन संस्थांतल्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. उदाहरणच द्यायचं तर, सुरतेत २०१९ मध्ये कारखान्यांच्या धूलिकणांसाठी उत्सर्जन व्यापार सुरू झाला. काही कारखाने लॉटरी पद्धतीने या व्यवस्थेत घेतले, उरलेले जुन्या नियमांखाली राहिले. त्यामुळे फरक मोजता आला. तो अभ्यास समजून घ्यायला दुसरा पेपरच लागतो.

तिसऱ्या रंगात दोन गोष्टी शोधा. पहिली, मूल्यमापनाच्या पद्धती: प्रवास-खर्च पद्धत, घरांच्या किमतींवरून हवेची किंमत काढणं, चॉइस एक्सपेरिमेंट (लोकांसमोर पर्याय ठेवून त्यांच्या निवडीवरून किंमत काढणं). ज्या वस्तूला बाजारभाव नाही तिची किंमत काढणं हीच या शाखेची खास विद्या. वनजमीन खाणीसाठी वळती करताना कंपनीकडून जंगलाचं नक्त वर्तमान मूल्य वसूल केलं जातं. कांचन चोप्रा समितीच्या कामानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते, आणि २०२२ मध्ये ते वाढवले गेले. गडचिरोलीतल्या खाणीच्या फायलीत हा आकडा असतो. तो कुणीतरी काढलेला असतो, आणि तो चुकीचा असेल तर तसं सिद्ध करायलाही हीच विद्या लागते.

दुसरी गोष्ट, कालांतर आणि वटावाचा दर, म्हणजे भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढायचा दर. पन्नास वर्षांनी होणाऱ्या १ कोटीच्या नुकसानीची आजची किंमत ३ टक्के दराने सुमारे २२.८ लाख येते, ८ टक्के दराने फक्त २.१ लाख. धरण, खाण, किनारी रस्ता यांचे निर्णय या एका दरावर फिरतात. यावर नीट वेळ न देणारा कोर्स अपुरा आहे, असं आमचं ठाम मत आहे.

यादीत छापलेले ऐच्छिक पेपर दरवर्षी चालतातच असं नाही. शिक्षक रजेवर जातात, विद्यार्थी कमी पडतात. कार्यालयाला ईमेल करून तीन प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत यातले कोणते पेपर प्रत्यक्ष शिकवले गेले, प्रत्येकात किती विद्यार्थी होते आणि संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात. आर किंवा स्टाटा यांपैकी एक तरी हवंच. जमिनीवरच्या माहितीसाठी जीआयएस (संगणकावरच्या नकाशांचं तंत्र) मिळालं तर उत्तम. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर तीही माहितीच समजा.

भारतातले पर्याय

नावातच हा विषय असलेले दोन ठळक पर्याय म्हणजे चेन्नईच्या मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा पर्यावरण अर्थशास्त्राचा कोर्स आणि दिल्लीच्या टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजची पर्यावरण व संसाधन अर्थशास्त्रातल्या स्पेशलायझेशनची पदवी. पहिल्या वर्षापासून याच विषयात राहायचं असेल तर या दोन्हींचे सिलॅबस शेजारी ठेवून वरचे पाच रंग भरा.

पीएचडीकडे डोळा असेल तर आमचा सल्ला वेगळा आहे: मास्टर्स शुद्ध अर्थशास्त्रात करा आणि पर्यावरण ऐच्छिक पेपरांतून आणि प्रबंधातून घ्या. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतो. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची एमएसक्यूई (संख्यात्मक अर्थशास्त्रातली मास्टर्स) पदवी कोलकाता आणि दिल्लीत आहे, तिची प्रवेश परीक्षा संस्था स्वतः घेते. त्यात गणिताचा वस्तुनिष्ठ पेपर वेगळा आणि अर्थशास्त्राचा वेगळा. ही परीक्षा अवघड आहे, वर्षभराची तयारी धरा. तिथे विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं, आणि दिल्ली केंद्रात हवामान, अन्न, ऊर्जा व पर्यावरणाच्या अर्थशास्त्रावर काम करणारं वेगळं संशोधन केंद्र आहे.

मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. वर्ग लहान, ग्रंथालय उत्तम, ऊर्जा आणि पर्यावरणावर जुनं काम. पुण्याची गोखले संस्था १९३० ची. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांचा हिशेब धनंजयराव गाडगीळांनी तिथेच मांडला होता. लाभ-खर्च विश्लेषण परदेशातून शिकून येण्याची गोष्ट आहे असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बीएस्सी ॲग्री झालेल्यांनी राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांतलं कृषी अर्थशास्त्र दुर्लक्षू नये. पाणी, माती, पीकपद्धती यांचं प्रत्यक्ष ज्ञान असलेला अर्थशास्त्रज्ञ दुर्मीळ असतो. तिथे इकॉनोमेट्रिक्स कमी पडलं तर ते बाहेरून भरून काढता येतं. शेताची समज बाहेरून भरून काढणं त्याहून अवघड.

परदेशातले पर्याय

कोपनहेगन विद्यापीठात थेट ‘पर्यावरण व नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्र’ या नावाची दोन वर्षांची एमएससी आहे. स्वीडनच्या कृषी विद्यापीठात उप्सालाला पर्यावरण अर्थशास्त्र व व्यवस्थापनाचा कोर्स आहे. इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेखाली कृषी, अन्न व पर्यावरण धोरण विश्लेषणाचा संयुक्त कोर्स बॉन, लुवँ, उप्साला आणि इटलीतल्या काथोलिका विद्यापीठांत मिळून चालतो. एक वर्ष एका देशात, दुसरं दुसऱ्यात. त्याची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा १,४०० युरो मिळतात, म्हणून अर्ज नक्की करा, पण तिच्या भरवशावर बाकीचे अर्ज सोडू नका.

युरोपातल्या अर्जांत बहुतेक नकार येतात ते गुणांमुळे नव्हे, तर पूर्वअटींमुळे. ‘पदवीत अर्थशास्त्राची इतकी, संख्याशास्त्राची इतकी क्रेडिट्स हवीत’ अशी अट असते. इंजिनियर आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थी इथे अडखळतात. विद्यापीठाचा जुना सिलॅबस काढा, प्रत्येक पेपरचे तास आणि पुस्तकं इंग्रजीत दोन पानांत मांडा आणि अर्जाला जोडा. तपासणाऱ्याला ‘पेपर ५’ या नावावरून काहीच कळत नाही.

ब्रिटनमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा पर्यावरण अर्थशास्त्र व हवामान बदल आणि यूसीएलचा ऊर्जा व पर्यावरणाचं अर्थशास्त्र व धोरण, असे एका वर्षाचे कोर्स आहेत. वर्ष एकच असल्याने खर्च आटोक्यात राहतो. पण सप्टेंबरात पोचून ऑक्टोबरातच नोकरीचे अर्ज सुरू करावे लागतात, आणि उन्हाळा प्रबंधात जातो. इंटर्नशिपला जागाच उरत नाही. कामाचा अनुभव गाठीशी असलेल्यांना हे जमतं. पदवीनंतर थेट जाणाऱ्याला दोन वर्षांचा कोर्स बरा.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स-ॲमहर्स्ट यांसारख्या सरकारी विद्यापीठांत संसाधन अर्थशास्त्राचे जुने विभाग आहेत. तिथे एक बारीक गोष्ट बघा. तिथे प्रत्येक विषयाला सरकारी वर्गीकरण क्रमांक असतो. पर्यावरण व नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्राचा क्रमांक ०३.०२०४ आहे, आणि तो जुलै २०२४ मध्ये स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आला. तुमच्या आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, हा क्रमांक असेल तर १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीत आणखी २४ महिन्यांची भर मागता येते. सर्वसाधारण अर्थशास्त्राच्या ४५.०६०१ क्रमांकावर ती सवलत नाही. एकाच विद्यापीठात दोन विभाग, दोन क्रमांक असू शकतात. प्रवेश स्वीकारण्याआधी विचारून घ्या.

पैशांचा हिशेब

३० लाखांचं कर्ज १०.५ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचं व्याज २६,२५० रुपये होतं. शिकताना घरच्यांनी ते भरलं तर पुढे दहा वर्षांचा हप्ता सुमारे ४०,५०० रुपये. दोन वर्षं काहीच भरलं नाही तर ६.३ लाख व्याज मुद्दलात मिसळतं आणि हप्ता ४९,००० च्या आसपास जातो. भारतात परतून संशोधन संस्थेत पहिल्या नोकरीचा पगार हातात किती येईल, हे तिथे काम करणाऱ्या दोघातिघांना विचारा आणि या हप्त्यासमोर मांडा. गणित बसत नसेल तर तो कोर्स शिष्यवृत्तीशिवाय घेऊ नका, मग विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो.

१८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंट कर्ज-शिष्यवृत्ती देते. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च उचलते, पण दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव मागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून यादी करतानाच ती अट लावा. विशेष कृषी विद्यापीठं आपल्या विषयात अव्वल असूनही सर्वसाधारण क्रमवारीत खाली दिसतात.

अर्ज आणि त्यातल्या चुका

कोपनहेगन आणि स्वीडनसाठी १५ जानेवारी ही तारीख डोक्यात ठेवा. स्वीडनमध्ये ९०० क्रोनर अर्ज शुल्क एकदाच भरून एका फेरीत अनेक कोर्सना अर्ज करता येतो. सप्टेंबरात गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात अर्ज टाका, कारण तिथले दोन महिने कधी जातात कळत नाही. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना ऑक्टोबरातच भेटा आणि तुम्ही त्यांच्याकडे केलेलं काम एका पानावर लिहून द्या. नाहीतर पत्रात ‘मेहनती व शिस्तप्रिय’ याखेरीज काही येत नाही.

उद्देशपत्राची सुरुवात ‘लहानपणापासून निसर्गाची ओढ’ अशी करू नका. एक प्रश्न मांडा. उदाहरणार्थ: ठिबकला अनुदान मिळूनही भूजलाचा उपसा का कमी होत नाही? वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र भिजवतो का? याला कोणता डेटा लागेल, तो कुठे मिळेल, त्या विभागातले कोणते प्राध्यापक अशा प्रश्नांवर काम करतात आणि तिथला कोणता पेपर तुम्हाला ही पद्धत शिकवेल, हे लिहा. पाचशे शब्दांत एवढं आलं तर पत्र झालं.

दोन-तीन ठिकाणांहून होकार आला की प्रत्येक कोर्सच्या वीस माजी विद्यार्थ्यांची लिंक्डइनवर पानं उघडा. पदवीनंतर दोन वर्षांनी ते कुठे आहेत, एवढंच बघा. त्यातल्या दोघांना लिहा आणि प्रबंधाला गाईड कसा मिळाला ते विचारा. ‘शेवटच्या महिन्यात कसाबसा’ असं उत्तर दोघांकडूनही आलं, तर तो होकार यादीत खाली सरकवा.

वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात चार गोष्टी हाताखालून घाला: बहुचल कॅल्क्युलस, लग्रांज पद्धत, मॅट्रिक्स आणि आरमध्ये एक डेटा फाइल उघडून साधं रिग्रेशन. दिवसाला दोन तास, आठ आठवडे. पहिल्या सत्रात मागे पडणारे बहुतेक जण याच चार ठिकाणी अडकलेले असतात. आणि वरच्या खाडीत होडीचा खर्च ३०,००० ऐवजी २०,००० धरून सगळं गणित पुन्हा एकदा कागदावर करून बघा. डिझेलला अनुदान दिल्यावर मासळीचं काय होतं, ते तुमच्याच हाताने दिसेल.